पाऊस गेला म्हणता? आधी घड्याळ बघा
वाचकांचे प्रश्न, हवामानाची उत्तरं

दसरा जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो : पाऊस संपला ना हो आता? छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात, सहली ठरलेल्या असतात, सोयाबीन काढून पडलेलं असतं. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून माझी निम्मी नोकरी महाबळेश्वरला झाली आणि निम्मी सोलापूरला. डोंगरावरचा आश्विन पाहिला, माळावरचाही पाहिला. दोन्हीकडे लोक या दिवसांत बेसावध असतात, आषाढात नसतात. आलेल्या पत्रांतली काही इथं घेतली आहेत.

सोयाबीन काढून गंजी लावलीय. रोज चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि आम्ही दोघं भाऊ ताडपत्री घेऊन रानात पळतो. आई म्हणते, बाभळीखाली थांबू नका. मग काय उघड्या रानात थांबायचं? खिशातला मोबाइल बंद करावा का? दामिनी ॲपचा खरंच उपयोग होतो का?
— एक शेतकरी, माढा, जि. सोलापूर

आईंचं बरोबर आहे आणि तुमचा प्रश्नही रास्त आहे. झाडाखाली नको, उघड्यावर नको, मग जायचं कुठं? दादा, खरं सांगू का, चार वाजता रानाच्या मधोमध असलात तर धड जागा उरलेलीच नसते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सकाळी अकराला द्यायचं असतं.

सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर या पट्ट्यात आश्विनातल्या विजा बहुतेक दुपारी दोन ते संध्याकाळी सातच्या दरम्यान पडतात. सकाळी ऊन चटका देतं, आभाळ निळंभोर असतं. अकराच्या पुढं खालून सपाट असे पांढरे ढग दिसू लागतात. साडेबारा-एकला त्यांच्याकडे एकदा नीट बघा. ढग रुंदीपेक्षा उंच दिसायला लागला, माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगला, तर दुपारचं काय ते ठरलं असं समजा. ताडपत्री त्याच्या आधीच गंजीवर गेलेली हवी. नऊ ते बारा उघडून ऊन द्या, जेवायच्या आधी झाका, दोऱ्या ताणा, कडेनं मातीची पोती ठेवा आणि घरी या. दोन-चार तास झाकल्यानं सोयाबीन काळं पडत नाही, भिजल्यानं पडतं. आणि गंजी बांधावरच्या झाडाला लागून रचू नका.

आता झाडाचं. झाडाखाली माणूस जातो तो पुष्कळदा थेट अंगावर वीज पडून नाही. वीज झाडावर पडते, खोडावरून उतरताना शेजारी टेकलेल्या माणसाकडे उडी घेते. उरलेली मुळाशी जमिनीत पसरते. पसरताना जमिनीवरच्या दोन जागांमध्ये विजेचा दाब कमी-जास्त असतो. तुमचा एक पाय इथं आणि दुसरा दोन फुटांवर असेल, तर ती एका पायानं शिरते आणि दुसऱ्यानं निघते. जनावरांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, काळीज त्या वाटेवरच येतं. म्हणून झाडाखाली बांधलेली अख्खी दावण एकदम आडवी झालेली दिसते आणि झाडाचं मात्र सालटंच निघालेलं असतं. दुपारी जनावरं झाडाखालून सोडून गोठ्यात आणा, हे ताडपत्रीइतकंच महत्त्वाचं.

चमकलं की सेकंद मोजायला लागा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरच्या ढगातली पुढची वीज तुमच्या रानात पडू शकते, डोक्यावर ऊन असलं तरी. तेव्हाच निघायचं, पहिला थेंब पडायची वाट बघायची नाही. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

जायचं ते पक्क्या घरात, शाळेत, बांधीव देवळात, नाहीतर काचा लावलेल्या, लोखंडी टपाच्या गाडीत. उघडा ट्रॅक्टर चालत नाही, मोटरसायकल तर नाहीच नाही. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. घरात गेल्यावर बोअरच्या स्टार्टरला आणि नळाला हात लावू नका. तारेच्या कुंपणापासूनही लांब. काहीच जवळ नसेल तर सखल जागी पावलं जुळवून उकिडवं बसा, हात कानांवर, आडवं पडायचं नाही. दोघं भाऊ एकमेकांना धरून बसू नका, पंधरा-वीस पावलं लांब बसा. एकाला लागलं तर दुसरा हातीपायी धड हवा. पण हे सगळं नाइलाजाचं, त्यात वाचण्याची हमी नाही.

मोबाइल वीज ओढून घेत नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र गडगडत असताना कानाला लावू नका. दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलंय. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठं पडतेय ते दाखवतं. उपयोगी आहे, ठेवा. पण रानात रेंज जाते तेव्हा डोळे, कान आणि सेकंद मोजणं हेच हाताशी असतं.

एक शेवटचं, न विचारलेलं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. अंगाला शेण फासून ठेवल्यानं वीज उतरते असं अजून कुठंकुठं ऐकते. त्यात जी पाच-दहा मिनिटं जातात तीच त्या माणसाची असतात. २०२२ साली देशात विजेनं २,८८७ माणसं गेली. त्यांतली बहुतेक तुमच्यासारखी रानात कामाला गेलेली.

आषाढात आठ-आठ दिवस पाऊस पडतो पण आवाज नसतो. सहामाही परीक्षेच्या वेळचा पाऊस तासभरच पडतो पण केवढा गडगडतो! असं का?
— इयत्ता आठवी, सातारा

शाबास, हा प्रश्न मोठ्यांपैकी कुणीही विचारला नाही.

ढगात वीज तयार व्हायला बर्फ लागतो. बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारांचे कण एकमेकांवर आपटतात, त्यातून विद्युतभार वेगवेगळे होतात : हलके स्फटिक वर जातात, जड कण खाली राहतात. आपल्याकडे साधारण पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याइतकी थंडी सुरू होते. आषाढात घाटावर येणारे ढग पुष्कळदा त्या उंचीच्या जेमतेम आसपास पोचतात. त्यांतला पाऊस थेंबाला थेंब मिळून पडतो, बर्फाचा संबंध कमी. शिवाय वारा जोरदार आणि सगळीकडे ढगांचं छत, त्यामुळे जमीन तापत नाही.

ऑक्टोबरमध्ये उलटं. वारा पडलेला, ऊन कडक, जमिनीत पावसाळ्याचं पाणी मुरलेलं. दुपारपर्यंत तापलेली दमट हवा एकाच जागी उसळी मारते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. म्हणजे त्याचा निम्म्याहून जास्त भाग गोठणाऱ्या थंडीत. तिथं आपटाआपटी जोरात, म्हणून आवाज जोरात. आणि जमीन निवली की ढगाचा जोर ओसरतो, म्हणून तासाभरात खेळ खलास. परीक्षेला शुभेच्छा.

तुमच्या खात्याचा इशारा आमच्या तालुक्याला पिवळा होता. शेजारच्या गावात शेतं वाहून गेली, आमच्याकडे एक थेंब नाही. विश्वास ठेवायचा तरी कसा?
— एक वाचक, परळी

रागावलात ते समजतं. मीही आता खात्यात नाही, तेव्हा बाजू घ्यायचं कारण नाही.

पण तुम्ही जे लिहिलंय तेच या ऋतूचं वर्णन आहे. ऑक्टोबरचा ढग दहा किलोमीटरचा, आणि इशारा असतो जिल्ह्याला. 'जिल्ह्यात कुठं तरी' एवढंच आदल्या दिवशी सांगता येतं. कुठल्या गावावर ते ढग उभा राहिल्यावरच कळतं. म्हणून आदल्या दिवसाच्या रंगावर दिवसाचा बेत ठरवा, आणि दुपारी पुढच्या तीन तासांचा जो तातडीचा अंदाज येतो तो बघा. तो रडारवर दिसणाऱ्या ढगांवरून दिलेला असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम टाकून हालचाल करा. पिवळ्याला लोक 'काही नाही' समजतात, तिथं गफलत होते. विजेचा इशारा बहुतेकदा पिवळाच असतो, आणि पिवळ्या दिवशी पडलेली वीज कमी तापत नाही.

मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडावर जाणार आहे, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. कोकणकड्यावर तंबूत मुक्काम. पावसाळा संपलाय म्हणून परवानगी दिली. काळजीचं काही नाही ना?
— एक आई, ठाणे

ताई, परवानगी दिलीत ते चांगलं केलंत. सोनकीनं पिवळे झालेले उतार त्या वयात बघायलाच हवेत. फक्त निघायची वेळ विचारा. शनिवारी सकाळी आरामात निघून दुपारी दोनला चढायला लागणार असतील तर मला तो बेत पसंत नाही. कोकणातली दमट हवा दुपारी कड्याला धडकून वर चढते आणि ढग नेमके माथ्यावर तयार होतात. त्या वेळी पोरं वाटेत असतात. रात्रीच निघून पहाटे चढाई सुरू करावी, बारापर्यंत वर पोचावं.

टोलार खिंडीच्या वाटेनं जाणार असतील तर वरच्या कातळाला लोखंडी कठडे आहेत. गडगडायला लागलं की त्यांना हात लावायचा नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनाही हेच लागू. तिथं तर शनिवारी-रविवारी रांग लागलेली असते आणि १,६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच टोक डोक्यावर. तंबू हा विजेपासून आडोसा नव्हे, आणि कड्याच्या काठावर तर नकोच. तंबू लावायचाच तर काठापासून बराच आत, सखल जागी. देवळाजवळच्या खोल लेण्या बऱ्या. पण लेणीतही तोंडाशी बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही. उथळ कपारीत शिरलेला माणूस उघड्यावरच्यापेक्षा धोक्यात असतो. वीज कड्यावरून ओघळताना कपारीच्या तोंडावरून उडी मारते आणि मधे नेमका तोच असतो.

ओढ्याबद्दल मुलीला एवढं नक्की सांगा : पाऊस तिच्या डोक्यावर पडायची गरज नाही. निवळशंख पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला, की असेल त्या काठावर वर सरकायचं. 'तेवढं ओलांडून घेऊ' म्हणायचं नाही. अर्ध्या तासात, तासात ओढा उतरतो. जेवण पलीकडे राहिलं तर राहू दे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तो कात्रजच्या डोंगरावरच्या पावसानं. गावात ओढा आहे हेही कित्येकांच्या ध्यानात नव्हतं, त्यांच्या घरात पाणी शिरलं. भरवस्तीत हे होतं, तर डोंगराच्या घळीत काय होईल!

आग्या मोहोळाचं थोडक्यात : अत्तर, धूर, आरडाओरडा बंद. कातळावर शेवाळ आहे तोवर तळ घासलेले बूट घरी ठेवायचे.

दसऱ्यानंतर आम्ही दोघं (वय ६६ आणि ६१) केदारनाथला जाणार आहोत. एजंट म्हणतो, ऑक्टोबरसारखं हिमालयात दुसरं हवामान नाही. खरं का?
— नाशिकहून

बहुतेक वर्षी खरं. हवा धुतलेली असते, शिखरं स्वच्छ दिसतात, गर्दी उतरलेली असते आणि भाऊबीजेला देऊळ बंद होईपर्यंत वेळही असतो. पण ऑक्टोबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही महिना, हे एजंटच्या पत्रकात नसतं. तिथं उठलेलं वादळ किंवा कमी दाबाचं क्षेत्र सरळ पश्चिमेला आलं तर सोलापूर भिजवतं. उत्तरेला वळलं आणि पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेच्या लाटेला जाऊन मिळालं, तर हिमालयात श्रावणातही पडत नाही असा पाऊस पडतो आणि वरच्या भागात बर्फ.

२०२१ साली १७ ते १९ ऑक्टोबरला हेच झालं. उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला एका दिवसात ३४०.८ मिलिमीटर पाऊस झाला. तिथला आधीचा विक्रम १९१४ सालच्या सप्टेंबरातला, २५४.५ मिलिमीटरचा. खाली तराईतल्या पंतनगरला ४०३.२. डोंगर आणि सपाटी एकाच वेळी पाण्यात. २०१४ साली हुदहुद वादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी नेपाळमधल्या ५,४१६ मीटर उंचीच्या थोरंग खिंडीच्या परिसरात बर्फाचं वादळ झालं. ट्रेकिंगचा ऐन हंगाम होता. त्या भागात चाळीसच्या वर माणसं दगावली. आंध्रच्या किनाऱ्याची बातमी अन्नपूर्णेच्या वाटेवर कोण बघतंय?

तुम्ही बघा. निघायच्या आधी आठवडाभर उपसागराची बातमी वाचत जा. या प्रणाली तीन-चार दिवस आधी दिसतात. २०२१ सालीही लाल इशारा आधी दिलेला होता, यात्रा थांबवली होती. तेव्हा थांबायची तयारी म्हणजे हातात दोन दिवस मोकळे हवेत. परतीचं तिकीट अगदी दुसऱ्या दिवसाचं काढलं की माणूस बंद रस्त्यावरही ड्रायव्हरला 'चला' म्हणतो. एजंट कुरकुर करेल, करू द्या. नदीकाठच्या हॉटेलपेक्षा गावातलं, वरच्या अंगाचं घ्या. अंधार पडल्यावर डोंगरातला प्रवास नको. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं तरी एक-दोन दिवस दरडी सुटतच राहतात. आणि साडेतीन हजार मीटरच्या वर सुती कपडे भिजले की पारा शून्याखाली नसतानाही अंग गार पडत जातं. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, बरोबरच्यांना वाटतं दमलाय. लोकरीचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, तो चालताना घालायचा नाही.

इथं चार दिवसांत पाऊस नाही, तरी चंद्रभागा चढतेय. कार्तिकीला वाळवंटात राहुट्या टाकणाऱ्यांनी काय बघावं?
— एक वारकरी, पंढरपूर

माउली, पंढरपूरचं आभाळ बघू नका, उजनी आणि वीर बघा. आश्विनात ही धरणं काठोकाठ भरलेली असतात, वरून आलेलं पाणी साठवायला जागा नसते, आलं तसं सोडावं लागतं. उजनीचं भीमेतून येतं, वीरचं नीरेतून, आणि दोन्ही नीरा-नरसिंहपूरला एक होऊन तुमच्याकडे येतात. त्यामुळे नुसत्या उजनीचा आकडा ऐकून निर्धास्त राहू नका, दोन्ही विसर्ग विचारा.

ऑक्टोबर २०२० आठवत असेल. आंध्रातल्या काकिनाड्याजवळ १३ तारखेला किनाऱ्यावर आलेली कमी दाबाची प्रणाली तेलंगण तुडवत थेट आपल्यावर आली. १४ तारखेला तुमच्याच घाटाची भिंत पडून माणसं गेली. राहुटी टाकताना वरच्या पायऱ्यांकडे जायची वाट मोकळी ठेवा, रात्री एकानं जागं राहावं. येता-जाताना फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जाऊ नका. वेगाचं पाणी घोट्याच्या जरा वर असलं तरी माणूस पडतो, फूटभर असलं तर छोटी मोटार उचलली जाते. आणि पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की नाही ते वरून कुणालाच दिसत नाही.

दिवाळीला पहाटे पुण्याहून आजऱ्याला गाडीनं जातो. आंबोली तर पुढे राहिली, हल्ली सपाटीवरच धुकं लागतं. काही युक्ती?
— एक वाचक, पुणे

युक्ती म्हणजे दोन तास उशिरा निघणं. निरभ्र रात्र, पडलेला वारा आणि ओलं रान असलं की नदीकाठच्या सपाटीवर पहाटे धुकं धरतं. ऊन वर आलं की आठ-नऊपर्यंत बहुधा निघून जातं. निघालातच तर हेडलाइट खालच्या झोतावर. वरचा झोत धुक्यावरून परत तुमच्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. थांबायचं झालं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर.

आणि खरी भीती धुक्याची नाही, धुक्यातल्या उसाच्या ट्रॉलीची. कारखान्यांचा हंगाम याच सुमाराला सुरू होतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, उसाची वाढी रस्त्यावर लोंबतेय, वेग सायकलचा. कराडच्या पुढं डाव्या लेनमध्ये अशी ट्रॉली आहेच असं धरून चाला. ट्रॉलीवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना हात जोडून सांगणं : मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, आणि ऊस भरल्यावर ती वाढ्यांखाली झाकली जात नाही ना, ते उतरून बघा.